ह्युई उडू दे, पण...

ऑनसाईट अटलांटाला येऊन दीड वर्ष झालं. शनिवार म्हणजे कपडे धुणं, इंडियन स्टोअर आणि झोप. परवा मात्र रूममेटनं गाडी दक्षिणेला काढली, हॅम्प्टनला. तिथे आर्मी एव्हिएशन हेरिटेज फाउंडेशन ही स्वयंसेवकांची संस्था आहे. १९९७ साली सुरू झालेली. लष्करातून निवृत्त झालेली हेलिकॉप्टरं ही मंडळी दुरुस्त करतात आणि चक्क उडवतात!

ह्युई दिसायच्या आधी ऐकू येतं. पाती दोनच, त्यामुळे ती धप-धप-धप थेट छातीत वाजते. व्हिएतनाम युद्धात सुमारे ७,००० ह्युई वापरली गेली, त्यातली ३,००० हून अधिक नष्ट झाली. तो आवाज आला आणि शेजारच्या एका आजोबांनी टोपी काढली. म्युझियममधल्या गप्प हेलिकॉप्टरसमोर काढली असती? मला नाही वाटत.

शिवाय यंत्र चालू असलं तरच ते चालवणारे हात तयार होतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुनी सिस्टिम बंद केली की फाईली उरतात, समजणारी माणसं पांगतात.

पण दुसरी बाजूही आहे. २२ जून २०२२ ला वेस्ट व्हर्जिनियात ह्युईप्रेमींच्या मेळाव्यात एक जुनं ह्युई कोसळलं. आतले सहाही जण गेले. हेलिकॉप्टरच्या कित्येक भागांना तासांचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं. तास भरले की भाग नवा दिसला तरी काढायचा. पण उत्पादन कधीच थांबलेल्या मॉडेलचे सुटे भाग शोधणं वर्षागणिक अवघडच होणार.

म्हणून माझं मत: ह्युई उडावीत, जरूर उडावीत. पण आत फक्त धोका नीट ओळखणारे पायलट आणि मेकॅनिक. हौशी प्रवासी नकोत. हॅम्प्टनची देखभाल कमी पडते असं मुळीच म्हणणं नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. "मग पैसा कुठून येणार?" रूममेटनं विचारलं. मुद्दा बरोबर आहे. फेऱ्यांच्या पैशावर बरंच काही चालतं.

मी फेरीएवढे पैसे देणगीपेटीत टाकले आणि खालीच थांबलो. रूममेट म्हणाला, "घाबरट!"

असेन बुवा. पण धप-धप खालूनही तितकीच ऐकू येते.