पडलेल्याला उभं करू नका

कार्तिकात पंचगंगा घाटावर पहाटे वरच्या गल्लीतून यावं. बिंदुमाधवाच्या देवळाकडून पायऱ्या इतक्या उभ्या उतरतात की उतरतानाच गुडघे बोलायला लागतात. बनारस छावणीत पोस्टिंग झाल्यापासून मी अधूनमधून रविवारी तिथे जातो. बांबूंच्या टोकाला टोपल्यांमधले आकाशदिवे अजून मिणमिणत असतात, वर आलमगीर मशिदीची काळी कड दिसते आणि स्नानाच्या गर्दीत मराठी हमखास कानावर पडतं. शेजारच्या दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या पेशवाईपासून आपल्या माणसांच्या.

गेल्या कार्तिकात तिथेच एक गृहस्थ दिसले. पंचाहत्तरीचे, ताठ कण्याचे. बायकोच्या हातातल्या पिशवीवर रेजिमेंटचं चिन्ह होतं, म्हणून लक्ष गेलं. छातीपर्यंत पाण्यात उभं राहून त्यांनी बराच वेळ जप केला, तीन बुड्या मारल्या, बाहेर आले आणि ओल्या अंगाने पूर्वेकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. अगदी सावधानमध्ये. मग त्यांनी लागोपाठ दोन जांभया दिल्या, चेहरा पांढरा पडला आणि गुडघे वाकले.

चार जण धावले. धावले ते चांगलंच, पण पुढे त्यांनी जे केलं ते पाहून माझा जीव वर आला. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, एकाने गालावर थपडा मारल्या, चौथ्याने तोंडात गंगाजल ओतायला घेतलं. "खडा करो, खडा करो" असा एकच गलका. मी त्यांना खाली झोपवायला लागलो तर लोक माझ्यावरच ओरडले. मणिकर्णिका तिथून फार लांब नाही. घाटावर माणूस आडवा करणं कोणालाच आवडत नाही.

आडवं केलं, श्वास नीट चालू आहे हे बघितलं, पाय दोन पायऱ्या वर ठेवले. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले. मी लष्करी अधिकारी आहे हे कळल्यावर सुभेदारसाहेबांचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, अठ्ठावीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये परेडवर एकदाही पडलो नाही."

मरणाच्या नव्हे, शरमेच्या धक्क्याने तो माणूस थरथरत होता. हा लेख त्या शरमेविरुद्ध आहे. ती आपण, म्हणजे वर्दीतल्या लोकांनीच, शिकवलेली आहे.

आधी त्यांच्या अंगात काय घडलं ते सांगतो. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. नुसतं उठून उभं राहिलं की त्यातलं अर्धा ते पाऊण लिटर पाय आणि पोटाकडे उतरतं. मेंदू तर हृदयाच्या वर बसलेला. त्याला रक्त पोचवण्यासाठी मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब मोजणारे पहारेकरी आहेत. दाब जरा घसरला की ते मेंदूच्या तळाशी वर्दी देतात, आणि एकदोन ठोक्यांच्या आत हृदयाची गती वाढते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दिवसात शंभर वेळा हे घडतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

हृदय रक्त खाली ढकलतं, पण ते वर आणतं कोण? पोटऱ्या. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर सरकतं आणि झडप त्याला मागे येऊ देत नाही. माणूस पुतळ्यासारखा उभा राहिला की हा पंपच बंद. कॅडेट असताना उस्ताद हळूच सांगायचे, बुटात अंगठे हलवत राहा. त्यांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, पण सांगत होते ते सोळा आणे खरं.

आता सुभेदारसाहेबांचा हिशेब मांडा. आदल्या दिवशी एकादशी, पाणीही कमी. पहाटे चारला रिकाम्या पोटी रक्तदाबाच्या दोन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, जिला आपण पाण्याची गोळी म्हणतो. मग छातीभर गार पाणी. पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, गारव्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, शरीराला वाटतं रक्त जास्त झालं. बाहेर पडताक्षणी तो आधार संपला. रक्त पुन्हा पायांत उतरलं, पहारेकऱ्यांनी हाका मारल्या, पण गोळ्यांनी आधीच हात बांधलेले आणि पोटऱ्या सावधानमध्ये. अशा वेळी कधीकधी सगळी यंत्रणा उलटी फिरते. हृदय जोरात धावायचं सोडून मंदावतं, रक्तवाहिन्या सैल पडतात. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने १९३२मध्ये या प्रकाराला नाव दिलं. मेंदूचा पुरवठा सहा ते दहा सेकंद तुटला की शुद्ध जाते आणि माणूस कोसळतो. कोसळणं हाच त्यावरचा उपाय आहे, कारण आडव्या माणसात मेंदू आणि हृदय एका पातळीवर येतात. त्याला धरून उभं करणारे चार जण शरीराने स्वतः केलेला इलाज हाणून पाडत असतात.

हे मला आज कळतं. कॅप्टन होतो तेव्हा कळत नव्हतं. मैदानी मुलखातल्या एका गरम स्टेशनात परेडची तालीम चालू होती. एक जवान पडला. मी त्याला "कच्चा" म्हटलं आणि संध्याकाळी जादा ड्रिल लावली. दुसऱ्या दिवशी त्याला तीच जांभई आली, तोच घाम फुटला. मांडी घालून बसला असता तर काही झालं नसतं. पण आदल्या दिवशीची शिक्षा लक्षात होती, म्हणून तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि झाड पडावं तसा तोंडावर पडला. समोरचे दोन दात गेले. त्या जवानाची माफी मी मागितली नाही. अधिकारी जवानाची माफी मागत नसतो, असं तेव्हा वाटायचं.

लंडनमध्ये जून २०२३मध्ये राजाच्या वाढदिवसाच्या परेडच्या तालमीत अस्वलाच्या कातड्याच्या टोप्या घातलेले गार्ड धडाधड पडले, जगभर व्हिडिओ फिरला, आणि आपल्याकडच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर त्यांची टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांत माझ्या कोर्सचेही होते. त्यांना विचारतो, तो गार्ड तुमच्यापेक्षा भित्रा होता का? तीस अंशांच्या उन्हात लोकरी अंगरखा घालून तो स्थिर उभा होता. कातडीला थंड व्हायला रक्त हवं होतं, पाय ते धरून बसले होते, मेंदूच्या वाट्याला कमी पडलं. यात शौर्याचा संबंध कुठे येतो?

गंमत अशी की रक्तदाब ऐकायची पद्धत शोधली ती एका सैनिकी डॉक्टरनेच. निकोलाय कोरोत्कोव्ह. रशिया-जपान युद्धातल्या जखमींच्या धमन्या तपासता तपासता त्याला दंडावरच्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोपमधून येणारे ठोके उमगले, आणि १९०५मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्याने ते मांडले. आजही दवाखान्यात पट्टा फुगवून डॉक्टर जे ऐकतात ते तेच. हे ज्ञान आपल्याच पेशातून आलं, आणि ते एमआय रूमच्या दारातून परेड ग्राउंडवर आणायला आपल्याला लाज वाटते.

कोणी म्हणेल, फौज अशी नाजूक करून चालत नाही. ठीक आहे, फौजेचंच उदाहरण घेऊ. १९६२मध्ये सपाटीवरच्या तुकड्या घाईघाईने हिमालयात चढवल्या गेल्या आणि धडधाकट जवानांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं. त्यानंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी, अभ्यास केला. १९६५मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला, १९६९मध्ये १,९२५ सैनिकांवरचा दुसरा निबंध अमेरिकेच्या मोठ्या नियतकालिकात आला. आज ९,००० फुटांच्या वर जाणारा जवान असो की जनरल, आधी सहा दिवस थांबतो. १२,०००च्या पुढे आणखी चार, १५,०००च्या पुढे आणखी चार. लेहला उतरलेला कोणीही "मी मर्द आहे, आजच वर जातो" म्हणत नाही. म्हटलं तर डॉक्टर त्याला गप्प बसवतात. डोंगरापुढे आपण शरीराचं म्हणणं मान्य केलं. मग उन्हापुढे का नाही? उन्हाची सवय व्हायलाही आठ ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्याच धावेला हृदयाचे ठोके कमी पडतात. सुट्टीवरून आलेल्या जवानाला मे महिन्यात तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटरच्या बीपीईटीला उभं करणारा कंपनी कमांडर आणि १९६२ची ती घाई यांत मला फारसा फरक दिसत नाही.

जवानाला निदान एमआय रूम तरी असते. सातारा, सांगली, बीड, जालन्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या भरतीच्या पोरांना कोण आहे? जून २०१४मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार गेले, तेव्हा अंतर कमी झालं. आज पुरुषांना १,६०० मीटर आहे. झारखंडने मात्र २०२४च्या ऑगस्टमध्ये उत्पादन शुल्क शिपायाच्या नोकरीसाठी दहा किलोमीटर एका तासात धावायला लावलं आणि दहापेक्षा जास्त पोरं मेली. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात तर कोणी धावतही नव्हतं. महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्याला उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ माणसं उन्हाने गेली. प्रत्येक वेळी कोणीतरी "आधीचा काही आजार असेल" असं पुटपुटतं आणि फाइल बंद होते.

जोरात धावणाऱ्या तरुणाचं हृदय मिनिटाला वीस-पंचवीस लिटर रक्त फिरवतं, बसल्या जागेच्या चौपट-पाचपट. त्यातलं चार-पंचमांश स्नायू खातात. ऊन असलं की कातडी सहा-सात लिटर मागते. मेंदू आपला पाऊण लिटर सोडायला तयार नसतो. घामाने साठा आटत असतो. कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. "मन मारलं की शरीर येतं" हे मैदानावरचं आवडतं वाक्य इथे जीवघेणं ठरतं, कारण इच्छाशक्तीने रक्त वाढत नाही. ती फक्त धोक्याची घंटा ऐकू येऊ देत नाही.

म्हणून अकादमी चालवणाऱ्या माजी सैनिकांनो, एवढा भेद तरी शिकून घ्या. रेषा ओलांडल्यावर पडलेलं पोर बहुतेक वेळा पोटऱ्यांचा पंप अचानक थांबल्याने पडतं. त्याला आडवं करा, पाय वर करा, सावरेल. म्हणूनच धाव संपल्यावर थांबू नये, चालत राहावं. पण धावता धावता, रेषेच्या आधी, पडलेलं पोर वेगळं. तिथे पहिला संशय हृदयाचा आणि उष्माघाताचा. श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील तर क्षण न घालवता छाती दाबायला लागा आणि १०८ला फोन करायला दुसऱ्याला सांगा. अंग तापलेलं आणि पोर बरळत असेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बर्फाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टाकी नसेल तर पाणी ओतत राहा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल काही हुंगवू नका. टाकी, बर्फ आणि छाती दाबायला शिकलेली दोन माणसं एवढं नसेल तर टायमरवाली धाव घेऊ नका. फी घेता ना?

घाटावर मला या बोलण्यावर उत्तर मिळालंच. गर्दी पांगल्यावर एक पंडितजी म्हणाले, इथेच त्रैलंगस्वामी माघाच्या थंडीत गंगेवर तासन्‌तास पडून राहायचे, त्यांना कुठे चक्कर आली? त्यांचा मठ याच घाटावर आहे, १८८७मध्ये ते गेले, आणि त्यांच्या कथा इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. मी वाद घातला नाही. एका योग्याने आयुष्यभर साधलं असेल ते आपण अठरा वर्षांच्या पोराकडून तीन महिन्यांच्या बॅचमध्ये मागू नये, इतकंच माझं म्हणणं. आणि स्वामी पाण्यावर आडवे असायचे, हेही आहेच.

त्याच घाटाच्या वरचं बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. त्याच घराण्यातल्या बाळासाहेबांनी पुढे सूर्यनमस्कार घराघरांत आणि संस्थानच्या शाळांत नेले. रोज, थोडे, हळूहळू वाढवत. डोकं खाली, डोकं वर, प्रत्येक वेळी त्या मानेतल्या पहारेकऱ्यांना काम. मला ती पद्धत कुठल्याही "बीस्ट मोड" रीलपेक्षा जास्त फौजी वाटते.

सुभेदारसाहेबांना जवळच्या दवाखान्यात नेऊन ईसीजी काढला, बरा निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. तुमच्यातल्या ज्यांना रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी यात्रेला निघण्याआधी ईसीएचएसमध्ये एकदा हे विचारा. स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नका. पाण्यातून बाहेर आल्यावर आधी बसा. संकल्प बसूनही चालतो, पंडितजींनीच सांगितलं.

निघताना सुभेदारसाहेबांनी हात धरला. "गावात कळू देऊ नका, साहेब." बायको म्हणाल्या, "कळू दे की. पडलात, काय चोरी नाय केली."

सोमवारी मी युनिटमध्ये सांगितलं, पुढच्या तालमीला मैदानाच्या कडेला सावलीत सतरंज्या अंथरा, पाण्याचे ड्रम ठेवा, आणि ज्याला जांभया सुटतील त्याने न विचारता खाली बसावं, कोणी बोलणार नाही. आमचे एक जुने जेसीओ अस्वस्थ झाले. "सर, सतरंज्या दिसल्या की पोरं पडायला लागतील."

"पडू देत," मी म्हटलं. "सतरंजीवर पडतील."