पाहुणे आले, वाडीचे काय?

उन्हाळ्याची सुटी लागली की हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर या टापूकडे मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची रीघ लागते. कालभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन घ्यावे, ओहोटीची वेळ साधून खडकांवरील प्रदक्षिणा पुरी करावी आणि दुपारी एखाद्या वाडीत जेवून सुपारीच्या सावलीत आडवे व्हावे, हा या यात्रेचा परिपाठ. ३ जून २०२० रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने त्या परिपाठाचा आधारच उखडला. आता पाहुणे पुन्हा येऊ लागले आहेत. त्यावरून 'कोकण सावरले' असा निष्कर्ष काढला जातो. तो उतावळेपणाचा आहे.

अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलेल्या या वादळाचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. हवामानखात्याचे इशारे वेळेवर मिळाले, माणसे सुरक्षित जागी हलविली गेली आणि प्राणहानी मर्यादित राहिली. हे यश लहान नव्हे. परंतु माणसे हलविता येतात, झाडे हलविता येत नाहीत. पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घराचे छप्पर महिन्याभरात पुन्हा चढते. सुपारीचे रोप फळावर यायला सहा-सात वर्षे घेते, आणि पूर्ण उत्पन्न त्याहूनही उशिरा देते. शिवाय कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही. आधी केळी लावून सावली करावी लागते. म्हणजे सावली नष्ट झालेल्या जागी पुन्हा सावली उभी करण्यासाठीही सावलीच हवी!

शासकीय मदतीचे गणित येथेच चुकले. फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांचा दर जाहीर झाला, आणि पूर्वीच्या दराच्या मानाने तो उदारही होता. पण या पट्ट्यातील वाड्या हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजल्या जातात. दहा गुंठ्यांच्या धन्याच्या वाट्याला या हिशेबाने जेमतेम पाच हजार रुपये येतात. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असली, तर त्याचेही चार वाटे. ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचे तत्त्व मान्य झाले: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. तत्त्व योग्य, रक्कम मात्र पडलेले झाड उचलण्याच्या मजुरीलाही पुरेशी नव्हती. झाड हे भांडवल आहे. त्याची किंमत आज पडलेल्या खोडावरून नव्हे, तर उद्या बुडालेल्या उत्पन्नावरून ठरली पाहिजे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा येथे विसरला गेला.

या पोकळीत पाहुणचाराच्या व्यवसायाने हात दिला, हे नाकारता येणार नाही. टाळेबंदीमुळे २०२० चा उन्हाळी हंगाम वादळापूर्वीच बुडाला होता. मे २०२१ मध्ये महामारीची दुसरी लाट चालू असतानाच 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. त्यानंतर हाती आलेला रोख पैसा प्रामुख्याने पर्यटकांचा होता. पण पूर्वी वाडी हे मुख्य उत्पन्न आणि पाहुणे ही जोड, असे असे. आता पाहुणे मुख्य आणि वाडी ओसाड, असे झाले तर मोकळ्या जागेत सुपारीऐवजी सिमेंटच्या खोल्या उगवतील. एकेका मालकाच्या दृष्टीने तो शहाणपणाचा निर्णय ठरेल. साऱ्या गावाच्या दृष्टीने तो आत्मघात होईल. कारण पाहुणा केवळ खोलीचे भाडे देत नाही. गावभर पसरलेल्या सावलीचे, विहिरीच्या गोड्या पाण्याचे आणि शांततेचे मोल तो देतो. हे भांडवल सामाईक आहे, आणि सामाईक भांडवल झिजते तेव्हा त्याची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही.

म्हणून स्वागताच्या कमानींपूर्वी काही साधी कामे व्हावयास हवीत. पुनर्लागवडीसाठीच्या कर्जाची परतफेड झाड फळावर आल्यावरच सुरू व्हावी. प्रत्येक वाडीतील झाडांची नोंद संकटापूर्वीच गावदप्तरी असावी, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी वाद उरणार नाही. पाहुण्यांकडून अल्पसा कर घेतला, तर तो पाणी, कचरा आणि किनाऱ्यावरील सुरूच्या बनासाठीच खर्च व्हावा. आणि निवाऱ्याची आखणी करताना केवळ गावकरी मोजून भागणार नाही. ऐन मे महिन्यात वादळ आले, तर मुक्कामी असलेल्या परक्या माणसांना कोठे न्यायचे, याचे उत्तर आजच तयार हवे.

देवस्थानाला भाविकांची वाण पडणार नाही. प्रश्न आहे तो दर्शन घेऊन परतणाऱ्या पाहुण्याला उद्याही वाडीत बसविता येईल की नाही, हा. खोल्यांच्या आरक्षणावरून त्याचे उत्तर मिळणार नाही. नव्याने लावलेली पोफळ फळावर येते की नाही, यावरूनच ते मिळेल.