हिवाळ्यातील बागुलबुवा

डिसेंबर उजाडला की तांबड्या झग्यातील, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज आपल्याही बाजारपेठांत दिसू लागतो. भेटी वाटणारा हा म्हातारा आपल्या मुलांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. परंतु युरोपातील लोककथांत नाताळच्या दिवसांत फिरणारी मंडळी सारीच काही इतकी प्रेमळ नाहीत.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील बव्हेरिया या प्रदेशांत सेंट निकोलस या संताचा सण ६ डिसेंबरला असतो. आदल्या रात्री येतो तो क्रॅम्पस. बोकडाची शिंगे, लोंबती जीभ, खळखळणाऱ्या साखळ्या, हातात फोकांची जुडी आणि पाठीवर टोपली, असे त्याचे रूप. संत गुणी मुलांना खाऊ देतो. क्रॅम्पस खोडकरांना फोडून काढतो आणि फारच द्वाड असतील त्यांना टोपलीत घालून नेतो, अशी समजूत. त्याच आल्प्स पर्वताच्या परिसरात नाताळनंतरच्या बारा रात्री पेर्ख्टा नावाची स्त्री घरोघरी सूतकताई पुरी झाली का, हे पाहत फिरते. आळशांचे पोट चिरून ती त्यात पेंढा आणि दगड भरते म्हणे.

उत्तरेकडील आइसलँडमध्ये या दिवसांत जेमतेम चार तास उजेड असतो. तेथे डोंगरातून ग्रीला नावाची राक्षसीण उतरते आणि हट्टी मुलांना पोत्यात भरून नेते, शिजवून खाण्यासाठी. तिचे तेरा पुत्र भुरटे चोर. एक पळी चाटतो, एक भांडी खरवडतो, एक मेणबत्त्या पळवतो. कारण त्या काळी मेणबत्ती चरबीची असे आणि भुकेल्याला तीही अन्नच वाटे. ज्या घरात भांड्याच्या तळाची खरवडही मोलाची, तेथेच असे चोर कल्पनेत जन्म घेतात. ग्रीलाच्या घरचे अजस्र मांजर तर नाताळला ज्याच्या अंगावर नवे वस्त्र नसेल, त्यालाच खाते. यामागे एक घरगुती हिशेब सांगितला जातो. वर्षाची लोकर नाताळपूर्वी कातून-विणून संपवावयाची असे आणि कामाला हात लावणाऱ्यास नवे वस्त्र मिळे. हंगाम साधण्यासाठी मोबदल्याच्या जोडीला भीतीही कामाला जुंपली गेली, हे व्यापारी कुटुंबांच्या चटकन ध्यानात येईल.

या भीतीचा अतिरेक तेथील राज्यकर्त्यांनाही जाणवला. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. १७४६ साली राजाज्ञेने मुलांना अशा भुताखेतांची भीती घालण्यास आईवडिलांना मनाई करण्यात आली. पुढे ते तेरा पुत्रही निवळले. आज नाताळपूर्वीच्या तेरा रात्री ते खिडकीत ठेवलेल्या बुटात भेट ठेवून जातात. उनाड मुलाच्या बुटात मात्र निघतो बटाटा!

हा बटाटा आपल्याला विचार करावयास लावणारा आहे. “कंदमूळ खाल्लेस तर नरकात जाशील,” हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येते! शास्त्रांत नरकाची वर्णने आहेत, ती कर्माचे फळ समजावे म्हणून. तेथे बाहेरचा कोणी न्यायाधीश शिक्षा ठोठावत नाही. जीव आपलेच कर्म भोगतो. हा गाभा वगळून केवळ यातनांचे चित्र मुलापुढे धरले, तर आपल्या हाती क्रॅम्पसची साखळीच उरते.

भय हा आपल्याकडे नोकषायांपैकी एक मानला आहे. जो विकार क्षीण करावयाचा, तोच बालमनात पेरून धर्म कसा उगवेल? धाकाने सोडलेला बटाटा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ताटात परत येतो. करुणेने सोडलेला येत नाही, कारण तेथे पहारेकऱ्याची गरजच नसते.

म्हणून मुलाने “का खायचा नाही?” असे विचारले, तर त्याला कोंब फुटलेला बटाटा दाखवावा. एकेका डोळ्यापासून नवे रोप उगवते, हे त्याला स्वतः पाहू द्यावे. मग अनंतकाय म्हणजे काय, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. दानांत अभयदान श्रेष्ठ, असे आपण नेहमी म्हणतो. त्या दानाचा पहिला अधिकार आपल्याच घरातील लहानग्यांचा आहे.