हद्दीतला शेतकरी

शेती पाहायला लोक बारामतीला येतात. कृषी विज्ञान केंद्र, डच सहकार्याने उभे राहिलेले भाजीपाला केंद्र, ‘कृषिक’ प्रदर्शन, शिवाय माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ पासून दुष्काळ आणि उष्णतेसारख्या ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था. परगावचे शेतकरी गाड्या करून येतात, टिपणे घेतात, रोपे नेतात. याच बारामतीच्या नगरपरिषद हद्दीत आजही मेथी-कोथिंबीर काढणारा जो शेतकरी आहे, त्याच्यासाठी मात्र नगरपरिषदेत टेबल नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हा शेतकरी शहरात शेती करायला आलेला नाही. शहर त्याच्या शेतात आले. जळोची, रुई, तांदूळवाडी ही एके काळची स्वतंत्र गावे हद्दवाढीत नगरपरिषदेत आली. सातबारा तोच राहिला, विहीर तीच, बांधावरचे भांडणही तेच. बदलला तो कारभार. आपल्या राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत आणि त्यांत पहिलाच विषय शेती. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८ विषय आहेत. त्यांत बागा आहेत, क्रीडांगणे आहेत, कोंडवाडे आणि स्मशानेही आहेत, शेती नाही. म्हणजे हद्दीची रेघ सरकली त्या दिवशी शेती स्थानिक कारभाराच्या यादीतून गळाली. नगरपरिषदेच्या लेखी हा माणूस घरपट्टी भरणारा मालमत्ताधारक, नाही तर रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेला विक्रेता. शेजारचे इंदापूरही नगरपरिषदेचेच, पण लहान. तिथे शिवार घरांना अजून खेटून आहे. पण महामार्गाच्या गावाला प्लॉटिंगची घाई असतेच.

‘शहरी शेती’ म्हटले की आपल्याकडे गच्चीवरच्या कुंड्या आठवतात. मुंबई-पुण्यात जमीन संपली, तिथे गच्ची ठीक. बारामती-इंदापुरात जमीन अजून आहे, ती कसणारे हात आहेत. इथे नगरपरिषदेने शेती शिकवायची गरज नाही. तिच्या ताब्यात ज्या चार गोष्टी आहेत, पाणी, जागा, खत आणि विक्रीची बैठक, त्यांत या शेतकऱ्याचा वाटा ठरवून दिला तरी पुष्कळ झाले.

पाण्याचा वाटा ठरवणे या भागाला नवे नाही. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि वरच्या गावांतले ऊसवाले पाणी पिऊन टाकू लागले, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. मर्यादित ऊस, बाकी हंगामी पिके आणि पाणी जास्तीत जास्त गावांना, असा तो हिशेब. तोच कालवा आज बारामती शहरातून वाहत पुढे इंदापूर तालुक्यात जातो. कालव्याला अस्तर झाले की पाझर घटतो आणि लगतच्या विहिरी खाली जातात, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. पाटबंधारे खाते म्हणते, तुम्ही शहरात. नगरपरिषद म्हणते, आमचे पाणी पिण्याचे. मधल्या मध्ये वाफा वाळतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे तपासलेले पाणी चारा, फुलझाडे आणि फळझाडांना खुशाल द्यावे. कच्च्या खायच्या पालेभाजीला देऊ नये. एवढा नियम लिहून काढला तर हा वाद निम्मा मिटेल.

जागेचे म्हणाल तर ती नकाशावर आधीच आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. या ओपन स्पेसचे पुढे काय होते ते कोणत्याही कॉलनीत जाऊन पाहावे. एका कडेला पेव्हिंग ब्लॉक, त्यावर गंजू लागलेली ओपन जिम, उरलेल्या भागात गाजरगवत आणि वेडी बाभूळ. त्यातले दहा-बारा वाफे एखाद्या महिला बचत गटाला अकरा महिन्यांच्या कराराने का देऊ नयेत? मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. पालेभाजीला नव्याण्णव वर्षांचा पट्टा लागत नाही. केरळात कुटुंबश्रीच्या महिला गटांनी पडीक जमिनी भाड्याने घेऊन अशीच शेती उभी केली. इंग्लंड-वेल्समध्ये तर १९०८च्या कायद्याने हे नागरिकांच्या मागणीशीच बांधले: सहा मतदारांनी लेखी मागणी केली की भाजीच्या वाफ्यांसाठी जागा देण्याचा विचार कौन्सिलला करावाच लागतो.

खासगी रिकाम्या प्लॉटांची गोष्ट थोडी अवघड. मालक पुण्याला, प्लॉट इथे, आणि शेजारी त्यात कचरा टाकतात. तरी मालक तो कोणाला कसायला देत नाही, कारण मनात भीती एकच: उद्या कूळ लागले तर? बिगरशेती प्लॉटवर ही भीती बहुधा अनाठायी, पण भीतीपुढे कायद्याचे कलम चालत नाही. नगरपरिषद मध्ये उभी राहिली, करार तिच्याशी झाला आणि मालकाला करात थोडी सूट मिळाली, तर हा पेच सुटू शकतो.

खत हा सर्वांत जवळचा दुवा आणि तोच सर्वांत ढिला. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणे बंधनकारक केले. नगरपालिकांच्या कंपोस्टला राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असे नावही दिले. पण गोणी फोडली आणि खतात काच, शाम्पूच्या पुड्या, दाढीचे ब्लेड निघाले, तर शेतकरी दुसऱ्यांदा येत नाही. हात त्याचे कापतात. त्यापेक्षा भाजी मंडईतला कोबी-फ्लॉवरचा पाला, नासलेले टोमॅटो आणि देवळांतले निर्माल्य यांचेच कंपोस्ट वेगळे करावे आणि ते हद्दीतल्या शेतकऱ्याला आधी द्यावे. मंडईतून निघालेले पुन्हा मंडईत येईल.

राहिली विक्री. शेतापासून गिऱ्हाइकाचे घर दीड-दोन किलोमीटर, तरी जुड्या पहाटे आडत्याकडे शेकड्याने जातात आणि तासाभरात त्याच जुड्या हातगाडीवरून नगाने विकल्या जातात. फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मुभा राज्याने २०१६ मध्येच दिली. त्याच सुमारास पणन मंडळाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान काढले, त्याला नाव दिले संत सावता माळी यांचे. त्यांचे अरण इंदापूरहून फार लांब नाही, भीमा ओलांडली की माढा तालुका. नाव तर योग्यच दिले. आता ओळखपत्र दाखवणाऱ्या हद्दीतल्या शेतकऱ्याला रोज सकाळी तीन तास बसायची ठरलेली जागा द्यावी, म्हणजे अतिक्रमणाची गाडी आली की पाटी उचलून पळावे लागणार नाही.

यावर आक्षेप येणारच. जागा एकदा दिली की सुटत नाही, आणि ती पुढाऱ्याच्या माणसालाच मिळते. दोन्ही खरे. म्हणून वाटप सोडतीने व्हावे, शेड आणि बोअरवेलला बंदी असावी, वाफा दोन महिने पडीक राहिला तर तो दुसऱ्याला जावा. पण या सगळ्याच्या आधी हद्दीत कसणारे किती, कुठे आणि कोणत्या पाण्यावर, याची एक नोंदवही उघडायला हवी. जो कागदावरच नाही त्याला पाळी कोण देणार? बारामती आणि इंदापूरच्या सर्वसाधारण सभांनी तसा ठराव करावा. त्यात निविदा नाही, ठेकेदार नाही, कोनशिलाही नाही. तरीही तो मांडणारा एक नगरसेवक निघाला पाहिजे.