कोळशांत राख नसते

'राख म्हणजे कोळशाचा न जळणारा भाग' असें विद्यार्थी पाठ म्हणतात. हें वाक्य सोयीचें खरें, परंतु तें आम्हांस मान्य नाहीं. कोळशांत राख नसतेच. त्यांत चिकणमाती, वाळू, चुनखडी आणि सोन्यासारखें चकाकणारें लोहमाक्षिक हीं खनिजें असतात. राख ही भट्टींत नव्यानें घडलेली वस्तु होय.

चंद्रपूर अथवा कोराडी येथील वीजकेंद्रांत कोळसा पिठासारखा दळून ज्वाळेंत फुंकतात. तेथील उष्णता १,४०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते, आणि कण तींत अवघे कांहीं सेकंद राहतो. तेवढ्यांत केवढें स्थित्यंतर होतें! मातींतील केओलिन ५०० अंशांच्या सुमारास आपल्या घडणींत बांधलेलें पाणी सोडतें, व १,००० अंशांपलीकडे त्यांतून म्युलाइट नांवाचें नवें खनिज जन्मास येतें. चिनी मातीचें भांडें भट्टींत पक्कें होतें तेंही ह्याच मार्गानें. चुनखडीचा कळीचा चुना होतो. माक्षिकांतील गंधक जळून वायुरूपानें धुराड्याबाहेर जातो, मागें लोहाचा तांबूस ऑक्साइड उरतो. वाळू मात्र बहुतांशीं आपला हट्ट सोडीत नाहीं. ज्या मातींत पोटॅश, लोह वा चुना मिसळला असेल ती वितळून तिचे थेंब होतात, आणि ते थेंब झटकन् निवून कांचेच्या सूक्ष्म गोळ्या बनतात. त्यांतील कांहीं पोकळ असून पाण्यावर तरंगतात.

पाणी व वायु निघून गेल्यामुळें राखेचें वजन मूळ खनिजांहून कमी भरतें. म्हणून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पार यांनीं हिशेब घालून दिला कीं, राखेच्या शेंकडा प्रमाणास १.०८ नें गुणावें व गंधकाच्या प्रमाणाची ०.५५ पट त्यांत मिळवावी, म्हणजे मूळ खनिजांचा अदमास येतो. न जळणारा भाग जसाच्या तसा उरत असता, तर ह्या गुणाकाराची गरजच काय होती?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आपल्या वीजकेंद्रांत शंभर मण कोळशामागें पुष्कळदां तीस-चाळीस मण राख निघते. तिच्यांतील कांच चुना व पाणी मिळतांच सिमेंटाप्रमाणें घट्ट होते. घाटघरच्या धरणांचें काँक्रीट अशा राखेच्या मोठ्या मिश्रणानें केलेलें आहे. तरीही तिला 'उरलेला केर' समजून तळ्यांत सांठविण्याची रीत पडली. २०२० सालच्या एप्रिलांत मध्यप्रदेशांत सिंगरौली जिल्ह्यांतील सासन येथें अशा तळ्याचा बांध फुटला, आणि माणसें व लहान मुलें प्राणांस मुकलीं. केंद्र सरकारनें राखेच्या उपयोगाचा नियम १९९९ सालींच केला होता. २०२१ सालीं तो अधिक कडक केला. नियम असून तळीं भरत राहिलीं, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. केराची निगा कोण राखतो?

उलट पक्षीं, ती सर्वथा निर्धोक आहे असें म्हणणारांशींही आमचें जुळत नाहीं. कोळशांतील अत्यल्प सोमल ज्वाळेंत वायुरूप होतो व निवतांना अति बारीक कणांवर जाऊन बसतो. वाऱ्यावर दूर जातात तेही हेच कण. पालकांस एवढीच विनंति कीं, चुलीच्या राखेनें भांडीं निघतात तीं लांकडांतील पोटॅशमुळें. तो गुण कोळशाच्या राखेंत नाहीं. तिला मोरीवर जागा देऊं नये.