पुडीची शिक्षा किती?

महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या खिशात गांजाची पुडी सापडते. त्याने ती विकलेली नसते. कुतूहलापोटी वा संगतीने जवळ बाळगलेली असते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यापुढे तो गुन्हेगार ठरतो. शिक्षा तुरुंगापुरती थांबत नाही. पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्याची पडताळणी होते, तेव्हा ती पुडी पुन्हा आडवी येते.

२००१ साली या कायद्यात प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या आखल्या गेल्या, हे उचितच झाले. परंतु २०१४ साली ‘अल्प प्रमाणा’साठीची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्ष सक्तमजुरीवर नेण्यात आली. परिणामी आज गांजा ओढणाऱ्याला अधिकात अधिक सहा महिने, आणि ओढण्यासाठी तो जवळ बाळगणाऱ्याला मात्र एक वर्ष, असा विचित्र न्याय झाला आहे! उपचारास स्वतःहून सिद्ध होणाऱ्या व्यसनाधीनाला कलम ६४-अ खटल्यातून सूट देते. पण जो व्यसनाधीन नाही, एखाद्या वेळी मोहाला बळी पडला, त्याला ही वाट बंदच. म्हणजे अधिक बुडालेल्याला हात आणि नुकताच पाय घसरलेल्याला बेडी!

गांजा निरुपद्रवी आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कोवळ्या वयात त्याचा मनावर व अभ्यासावर होणारा दुष्परिणाम शिक्षकांना ठाऊक आहे. प्रश्न आहे तो उपायाचा. सराईत गुन्हेगारांच्या सहवासात ठेवल्याने मुलगा सुधारेल, असे कोणता पालक म्हणेल?

पोर्तुगालने २००१ साली वेगळा मार्ग धरला. तेथे २५ ग्रॅमपर्यंतचा गांजा स्वतःसाठी बाळगणे निषिद्धच राहिले. मात्र तो फौजदारी गुन्हा उरला नाही. अशी व्यक्ती न्यायालयाऐवजी समुपदेशन करणाऱ्या मंडळापुढे जाते. विक्रेत्याला शिक्षा कायम आहे.

आपल्याकडे ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा एक किलो आहे, आणि एक किलो हे काही स्वतःपुरत्या वापराचे माप नव्हे. म्हणून संसदेने काही ग्रॅमांची वेगळी मर्यादा ठरवावी, आणि तिच्या आत दंड व समुपदेशन यांवरच प्रकरण संपवावे. त्याची नोंद गुन्हा म्हणून राहू नये. व्यापाऱ्यावरचा आसूड सैल करण्याचे कारण नाही; तो विद्यार्थ्याच्या पाठीवर पडू नये, एवढेच मागणे आहे.