प्रेमभंगाचीं गाणीं आणि आपलीं घरें

प्रेमभंगाचें गाणें ऐकून डोळे पुसणें हें आपल्या सुशिक्षित घरांत एक सांस्कृतिक कर्तव्यच होऊन बसलें आहे. दिवाळीच्या पहांटेची मैफल असो, कोजागिरीचें जागरण असो, कीं कोणाच्या एकसष्टीचा समारंभ असो. विरहाचें एखादें गीत झाल्यावांचून रंग भरला असें कोणी मानीत नाहीं. आमची तक्रार त्या गीतांविषयीं नाहीं. त्यांतलीं पुष्कळ आम्हांस पाठ आहेत. आमची तक्रार ऐकणाऱ्यांविषयीं आहे, आणि ऐकणाऱ्यांत आम्हीही येतों हें आरंभींच सांगून टाकणें बरें. पुढील शब्द कोणास कडू लागले, तर ते आम्हींही गिळले आहेत एवढें समाधान वाचकांस राहील.

महाड औद्योगिक वसाहतींत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मंडळींच्या अशाच एका मैफलीस आम्ही गेलों होतों. गायिकेनें विरहगीत आळवलें तेव्हां आमच्या शेजारीं बसलेल्या गृहस्थांचे डोळे भरून आले. पुरे महिनाभरही झाला नसेल, तोंच त्यांच्या घरची हकीकत कानीं आली. कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या त्यांच्या मुलीनें आपल्याच पाळींतील एका तरुणाशीं लग्न करण्याची इच्छा बोलून दाखविली. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, मिळवता. जात मात्र दुसरी. मुलीची नोकरी सोडविण्यांत आली, फोन काढून घेण्यांत आला, तिला मामाच्या गांवीं धाडण्यांत आलें आणि 'योग्य स्थळ' पाहण्यास आरंभ झाला. आम्हीं भीत भीत विषय काढला, तेव्हां गृहस्थ शांतपणें म्हणाले, "पोरवय आहे. चार दिवस रडेल आणि विसरून जाईल." मैफलींतल्या आसवांचा आणि या वाक्याचा कांहीं संबंध आहे, ही शंकाही त्यांना शिवली नव्हती. ते दुष्ट नव्हते. ते आपल्यासारखेच होते, आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

'प्रेमभंग' हा शब्दच पाहा. व्रतभंग, आज्ञाभंग, मूर्तिभंग असे शब्द आपण उच्चारतों तेव्हां लगेच विचारतों, 'तो कोणीं केला?' प्रेमभंगाविषयीं मात्र 'कोणीं केला' असें कोणी विचारीत नाहीं. तो 'झाला' असें म्हणतात, जणूं अवकाळी पाऊसच झाला. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपल्या समाजांत प्रेम स्वतः होऊन जितकें मोडतें त्याहून कितीतरी अधिक मोडलें जातें. मोडणारे हात ओळखीचे असतात. ते बहुधा वडिलांचे, काकांचे, मामांचे, भावाचे आणि कधीं कधीं आईचेही असतात. 'दैव', 'नशीब', 'प्राक्तन' अशा शब्दांची शाल पांघरून हे हात गाण्यांत झांकून जातात. ऐकणारा निर्धास्तपणें रडतो. कारण ज्या गुन्ह्यासाठीं तो रडतो त्यांत त्याचें नांव कोठेंच आलेलें नसतें.

विरहाची मराठी परंपरा मुळांत अशी नव्हती. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर चालत आलेल्या गाथासप्तशतींत विरहिणी आहेत, पण त्यांचा नवरा कोठें गेला, कशासाठीं गेला आणि आभाळ भरून आलें तरी कां परतला नाहीं, हें आपल्याला बहुधा कळतें. जात्यावरच्या ओवीचेंही तसेंच. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन'मध्यें ओव्यांचा मोठा ठेवा जमविला. पुढें हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं खेडोपाडीं हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. या ओव्यांतली बाई आपलें दुःख हवेंत सोडून देत नाहीं. सासर, जाऊ, कर्ज, दुष्काळ, सवत, मुंबईची नोकरी, ज्यामुळें तिचा जीव पोळला त्याचें नांव ती घेते. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून एके काळीं दासगांवच्या बंदरावरून मुंबईची वाट धरणाऱ्या चाकरमान्यांच्या मागें ज्या बायका राहिल्या, त्यांना विरह म्हणजे काय हें कोणा कवीनें शिकविण्याची गरज नव्हती. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडींत मुंबईस पोटासाठीं आलेला कामगार गांवीं राहिलेल्या बायकोसाठीं झुरतो, आणि तें झुरणें शेवटीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस जाऊन मिळतें. विरहास कारण दिल्यानें त्याची गोडी कमी झाली, असें ती छक्कड ऐकलेला कोण म्हणेल?

कारण गळालें तें आमच्या, म्हणजे शिकलेल्यांच्या कवितेंत. गोविंदाग्रजांनीं निराश प्रेमाला विलक्षण धार दिली. रविकिरण मंडळ १९२३ सालीं पुण्यास स्थापन झालें. त्यांतील माधव जूलियन यांनीं फारसी छंदांचा अभ्यास करून गज्जल मराठींत रुजविली. १९३० नंतर ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं भावगीत दिवाणखान्यांत आणलें. या साऱ्यांचे उपकार आम्ही विसरत नाहीं. पण मूळ कवींच्या मागून जो अनुकरणाचा लोंढा आला त्यांत प्रिया निनांवी झाली, गांव धुक्यांत गेला आणि वियोगाचें कारण तर पार वाहून गेलें.

येथें दोन सालें शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं असें आम्ही सुचवितों. माधव जूलियन यांचें 'विरहतरंग' १९२६ सालचें. पुढच्याच वर्षीं, १९२७ च्या मार्चांत, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच सालीं २५ डिसेंबर रोजीं महाडासच मनुस्मृतीचें दहन झालें. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांत वर्णसंकराचा विस्तार आहे. ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांच्या संततीस तेथें चांडाळ ठरविलें आहे. कोणीं कोणावर प्रेम करावयाचें नाहीं, याचें इतकें जुनें व इतकें निष्ठुर फर्मान दुसरें कोणतें? म्हणजे पुण्यास विरहाचे तरंग उठत होते, आणि विरहाचें एक मूळ महाडास अग्नीच्या स्वाधीन केलें जात होतें. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत पहिल्या घटनेस प्रकरण मिळतें. दुसरी समाजसुधारणेच्या कपाटांत ठेवलेली असते. दोन्ही एकाच पानावर आलेल्या आम्हीं तरी पाहिल्या नाहींत. १९३६ सालीं 'जातिप्रथेचें निर्मूलन' या न झालेल्या भाषणांत आंबेडकरांनीं आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय असें प्रतिपादन केलें. प्रेमकवितेवरील इतकें मर्मग्राही भाष्य एकाही टीकाकारानें केलेलें नाहीं. पण तें भाष्य प्रेमकवितेवरील आहे हेंच आम्हांस उमगलें नाहीं.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला रसिकांचा: कविता म्हणजे समाजशास्त्र नव्हे; दुःखास कारणें चिकटविलीं कीं काव्य मरतें. यास उत्तर असें कीं, कवीनें जातींचा तक्ता द्यावा असें कोणी म्हणत नाहीं. मात्र खरें दुःख नेहमीं ठिकाणावर असतें. पाळी सुटल्यावर फाटकापाशीं थांबलेली सायकल, एस. टी. च्या खिडकींतून मागें राहणारी सावित्री, मामाच्या घरीं माळ्यावर लपविलेलें पत्र, यांतून कारण आपोआप बोलतें. कारणाशिवायचें दुःख हें पुष्कळदां दुःखाचा पोशाख असतें. सुरेश भट यांच्या 'एल्गार'नें (१९८३) गझलेच्या त्याच चौकटींत समाजाला जाब विचारतां येतो हें दाखवून दिलें आहे; तेव्हां दोष वृत्ताचा नाहीं.

दुसरा आक्षेप आईबापांचा, आणि तो अधिक आदरानें ऐकला पाहिजे. आम्ही मुलांचें वाईट चिंतितों काय? वीस-बावीसाव्या वर्षींची ओढ ती काय, आणि जन्माचा संसार तो काय? हा प्रश्न खोटा नाहीं. मुलाचें शील, स्वभाव, व्यसन, मिळकत यांची चौकशी आईबापांनीं अवश्य करावी, आणि गैर दिसेल तें स्पष्ट सांगावें. परंतु मनाशीं एक कसोटी लावून पाहावी: हाच मुलगा, हाच पगार, हाच स्वभाव, आणि जात मात्र आपली असती, तर आपण नाहीं म्हटलें असतें काय? उत्तर 'नाहीं' असेल, तर हिताची भाषा बाजूस ठेवावी; तेथें हित बोलत नाहीं, जात बोलते. २०११-१२ च्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणांत आंतरजातीय विवाहांचें प्रमाण शंभरांत सुमारें पांच आढळलें. उरलेल्या पंचाण्णवांत सर्वांचींच मनें जातीच्या कुंपणांत आपोआप जुळलीं, असें मानण्याइतके भोळे आम्ही नाहीं.

'लोक काय म्हणतील' ही भीति निराधार नाहीं, हेंही आम्ही जाणतों. याच रायगड जिल्ह्यांत गांवकीनें कुटुंबेंच्या कुटुंबें वाळीत टाकल्याचीं प्रकरणें गाजलीं, आणि अशा बहिष्कारांच्या कारणांत जातीबाहेरचें लग्न पुन्हां पुन्हां येतें. त्यावर महाराष्ट्रानें देशांत प्रथम स्वतंत्र कायदा केला. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा हा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून अमलांत आला, व त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु गांवकीला नांवें ठेवतांना वसाहतींतल्या सदनिकांनीं आपल्याही दाराकडे पाहावें. गांवकी उघडपणें वाळीत टाकते. आपण मुलीचा फोन काढून घेतों आणि तिला मामाकडे पाठवितों. फरक पद्धतीचा आहे.

एक गोष्ट मुलांच्या बाजूनेंही सांगावयास हवी. हल्लींच्या गाण्यांतून 'तिनें दगा दिला' हा एकच सूर वाजतो. जी मुलगी घरच्या कोंडमाऱ्यानें 'मला विसर' म्हणाली ती दगलबाज नव्हे. आणि जी आपल्या मर्जीनें 'नको' म्हणाली तीही दगलबाज नव्हे. नकार देणें हा विश्वासघात नव्हे, तो तिचा हक्क आहे. असल्या गाण्यांवर पोसलेला तरुण खऱ्या प्रतिपक्षाशीं दोन शब्द बोलण्याचें धैर्य न दाखवितां सारा राग मुलीवर काढतो, आणि पुढें तो राग कोणत्या थरास जातो हें वर्तमानपत्रें सांगतातच. अशा रीतीनें कारण लपविणारें गाणें बापाला निर्दोष ठरवितें, मुलाला अन्यायग्रस्त ठरवितें आणि दोघांचा दोष एका मुलीच्या माथीं मारतें.

पोलादपुरास शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधि आहे. ज्या कवीनें आपल्या काळचा पराक्रम नांवानिशीं लिहून ठेवला, त्याच्या शेजारच्या तालुक्यांत राहून आपल्या काळच्या दुःखाचें नांव घेण्यास आम्हीं भ्यावें, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. औद्योगिक वसाहतीनें एक काम नकळत केलें आहे: निरनिराळ्या जिल्ह्यांचीं, जातींचीं आणि भाषांचीं तरुण माणसें तिनें एका पाळींत, एका उपाहारगृहांत, एका बसमध्यें शेजारीं बसविलीं. तेथें मनें जुळणारच. तीं जुळूं द्यावयाचीं कीं मोडावयाचीं, हें कवीच्या हातीं नाहीं. तें आपल्या हातीं आहे.

त्या गृहस्थांच्या मुलीचें लग्न पुढें झालें. आहेर घेऊन आम्हीही गेलों होतों, आणि एक शब्द न बोलतां जेवून आलों. पुढल्या कोजागिरीस पुन्हां तेंच गीत होईल आणि पुन्हां डोळे भरतील. त्या वेळीं डोळे पुसण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां आपल्या घरांतील बंद खोलीकडे पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.